संगणकाच्या वहीतील बेवारस रोकड

गेल्या दिवाळीत आमच्या घरी वहीपूजनाच्या पाटावर दोन वस्तू होत्या. एक वडिलांची लाल कापडी बांधणीची हिशेबाची वही आणि दुसरा चिरंजीवांचा संगणक. वडील सातारला शिक्षक होते. तुटपुंज्या पगारातून त्यांनी जे चार समभाग घेतले त्याची तारीखवार नोंद त्या वहीत आहे. चिरंजीवांनी सुटीत तीच वही संगणकावरील घरगुती हिशेबाच्या आज्ञावलीत उतरवून काढली. आजीच्या नावावरील म्युच्युअल फंडाचे मासिक हप्ते आणि आलेले लाभांशही टाकले. काम पुरे झाले आणि गुंतवणूक खात्याच्या तळाशी एक आकडा उभा राहिला : रोख शिल्लक ९,६३१ रुपये ५० पैसे.

ही रोकड कोठे आहे, हे घरात कोणालाच सांगता येईना. बँकेच्या पासबुकात ती वेगळी दिसत नव्हती. ब्रोकरच्या खातेउताऱ्यात शिल्लक शून्य होती. कपाटात तर नव्हतीच.

"बाबा, इथे 'शिल्लक जुळवा' असा पर्याय आहे. खरी शिल्लक शून्य आहे असे सांगितले की बाकीचे ते आपोआप नीट करते," चिरंजीव म्हणाले.

नीट करते म्हणजे काय करते, तर ९,६३१ रुपये ५० पैशांची एक 'समायोजन' नावाची नोंद आपणच लिहून टाकते आणि गप्प बसते. जुन्या पेढीवरच्या दिवाणजीने असली नोंद पाहिली असती तर लिहिणाऱ्याला त्याच दिवशी घरी पाठवले असते. आई आतून म्हणाली, "ह्यांच्या वहीत दहा पैसे चुकले तरी ते जेवायला उठत नसत. शोधा, सापडेल."

आम्ही शोधले. मी कलाशाखेचा पदवीधर. आकड्यांशी माझे सख्य बेताचेच. परंतु त्या चार दिवसांत मला जे उमगले ते 'विवेकी गुंतवणूकदार व्हा' छापाच्या शंभर व्याख्यानांतून उमगले नसते. मध्यमवर्गीय घरांतून आज असे हिशेब संगणकावर येत आहेत आणि हे 'शिल्लक जुळवा' बटण सर्रास दाबले जात आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

सर्वांत मोठा तुकडा पहिल्याच संध्याकाळी सापडला आणि तो थेट सातारच्या पोवई नाक्यापर्यंत नव्हे, तर सातारच्या इतिहासापर्यंत घेऊन गेला. वडिलांच्या वहीत युनायटेड वेस्टर्न बँकेचे ३०० समभाग होते. ही बँक १९३६ साली सातारला स्थापन झाली. ज्यांच्या पुढाकाराने १९१३ साली सातारलाच वेस्टर्न इंडिया ही आयुर्विमा कंपनी उभी राहिली, त्या अण्णासाहेब चिरमुले यांचे नाव या बँकेशीही जोडलेले आहे. लंडनच्या किंवा मुंबईच्या गोऱ्या कंपन्यांनी आमच्या विम्याचे हप्ते का न्यावेत, आमच्या ठेवी आमच्याच मुलखातील व्यापाराला का मिळू नयेत, हा त्या पिढीचा प्रश्न होता. लोकमान्यांनी स्वदेशीचा मंत्र दिला. त्याचे तंत्र सातारा-सांगलीच्या पट्ट्यात उभे राहिले. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली, कऱ्हाडजवळ ओगलेवाडीला काच तापू लागली, आणि १९१६ मध्ये सांगलीत सांगली बँक निघाली. या बँकांचा समभाग घेणे हे शिक्षकाच्या, वकिलाच्या, अडत्याच्या घरात गुंतवणुकीपेक्षा वर्गणीसारखे मानले जाई. आपल्या बँकेत आपला वाटा असावा, एवढाच त्यातला हिशेब.

सप्टेंबर २००६ मध्ये सातारच्या बँकेचा शेवट झाला. तिचे भांडवल आवश्यक प्रमाणाच्या खाली गेलेले होते. २ सप्टेंबर रोजी केंद्र सरकारने रिझर्व्ह बँकेच्या विनंतीवरून बँकेच्या व्यवहारांवर स्थगिती आणली आणि ठेवीदाराला दहा हजार रुपयांपर्यंतच रक्कम काढता येईल असे बंधन घातले. सणासुदीच्या तोंडावर शाखांसमोर लागलेल्या रांगा सातारकर विसरलेले नाहीत. महिनाभरातच, ३ ऑक्टोबर २००६ पासून, बँक आयडीबीआयमध्ये विलीन झाली. ठेवीदार सुरक्षित राहिले. भागधारकाला मात्र नव्या बँकेचा समभाग मिळाला नाही. प्रत्येक समभागामागे २८ रुपये रोख मिळाले आणि सत्तर वर्षांचे नाते संपले.

तीनशे समभाग, प्रत्येकी २८ रुपये. आठ हजार चारशे. आमच्या बेवारस रोकडीतील ८,४०० रुपये हेच होते.

मग ती रोकड गेली कोठे? कोठेच गेली नव्हती. वडिलांनी ती त्याच वेळी बँकेत भरली होती आणि पासबुकात स्वच्छ दिसत होती. चिरंजीवांनी गुंतवणूक खात्यात 'विक्री' अशी नोंद केली तेव्हा आज्ञावलीने ८,४०० रुपये त्याच खात्यात रोख म्हणून जमा धरले. पुढे पासबुक उतरवताना तीच रक्कम त्यांनी बँक खात्यात 'इतर जमा' म्हणून पुन्हा लिहिली. एका ठिकाणी बेवारस रोकड, दुसऱ्या ठिकाणी बेवारस जमा, आणि दोन्हींमध्ये धागा नाही. एकच पैसा दोनदा मोजला गेला. घराची एकूण मालमत्ता त्या दिवसापर्यंत ८,४०० रुपयांनी फुगलेली दिसत होती. 'शिल्लक जुळवा' म्हटले असते तर फुगवटा गेला असता हे खरे. पण ते पैसे वडिलांना मिळाले की नाही, हे कधीच कळले नसते.

येथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे, कारण बहुतेक गोंधळाचे मूळ तीत आहे. क्विकन किंवा पूर्वीचे मायक्रोसॉफ्ट मनी यांच्या धर्तीवरील या आज्ञावल्या अमेरिकन कुटुंबासाठी रचलेल्या आहेत. तेथे माणूस ब्रोकरकडे खाते उघडतो. त्याचे समभाग आणि त्याची रोकड एकाच छपराखाली नांदतात. समभाग विकले, पैसे त्याच खात्यात. लाभांश आला, त्याच खात्यात. त्यातूनच पुढची खरेदी. त्यामुळे आज्ञावली प्रत्येक गुंतवणूक खात्याला रोकडीचा एक कप्पा जोडून देते.

आपली व्यवस्था तशी नाही. १९९६ च्या डिपॉझिटरी कायद्यानंतर आपले समभाग एनएसडीएल किंवा सीडीएसएल यांच्याकडील डीमॅट खात्यात असतात. त्या खात्यात पैसा ठेवण्याची सोयच नाही. महिन्याकाठी येणारा एकत्रित खातेउतारा पाहा. त्यात समभाग आहेत, फंडांची युनिट्स आहेत, त्यांचे मूल्य आहे, पण रोख रकमेचा रकाना नाही. पैसा बँकेत राहतो. लाभांश कंपनीकडून थेट बँकेत येतो, ब्रोकरला तो दिसतही नाही. ब्रोकर हा मधला; त्याच्याकडे पैसा थांबतो तो व्यवहारापुरता. म्हणजे देवघर वेगळे, कोठीघर वेगळे आणि मध्ये एक ओसरी. परदेशी आज्ञावली या तिन्हींना एकच खोली समजते.

यावरून साधा नियम निघतो : आपल्याकडील डीमॅट खात्यासमोर रोख शिल्लक दिसली, तर ती सहसा पैसा नसते. ती एखाद्या नोंदीचा हरवलेला जोडीदार असते. आपल्या किर्द-खतावणीच्या पद्धतीत प्रत्येक रकमेला जमा आणि नावे अशा दोन बाजू असतात, आणि दुसरी बाजू ठाऊक नसेल तर ती रक्कम 'उचंत खात्या'त टाकून ठेवीत. ग्नूकॅश नावाची एक मोफत आज्ञावली आहे, ती अशी रक्कम 'इम्बॅलन्स' या खात्यात स्वतःच काढून ठेवते. उचंत खाते दिसले की वर्षअखेर मुनीम त्याच्या मागे लागत असे. इंग्रजी नाव मिळाल्याबरोबर आपण त्याकडे दुर्लक्ष करावे, असे काही नाही.

सांगलीचा समभाग याच्या उलट बोलला. आईच्या माहेराकडून तिच्याकडे सांगली बँकेचे २०० समभाग आले होते. ही बँक शेअरबाजारात नोंदलेली नव्हती; समभागाचा भाव वर्तमानपत्रात येत नसे, आणि तो विचारण्याची कोणाला गरजही वाटत नसे. डिसेंबर २००६ मध्ये आयसीआयसीआय बँकेशी विलीनीकरणाची घोषणा झाली आणि १९ एप्रिल २००७ पासून ते अमलात आले. सातारच्या भागधारकाला रोख मिळाली; सांगलीच्या भागधारकाला ९२५ समभागांमागे आयसीआयसीआय बँकेचे १०० समभाग मिळाले. सव्वानऊला एक.

चिरंजीवांनी हे नवे समभाग 'खरेदी' म्हणून लिहिले. खरेदी म्हटली की आज्ञावली रोकड वजा करते. न दिलेला पैसा दिला असे तिने धरले आणि पहिल्या दिवशी आमची शिल्लक चक्क उणे झाली होती. ही नोंद पैशाविना करायची असते : जुने समभाग बाहेर, नवे आत, आणि आईच्या वडिलांनी मुळात जी किंमत मोजली तीच नव्या समभागांवर पुढे चालवायची. प्राप्तिकराच्या हिशेबातही अशा विलीनीकरणाला विक्री मानत नाहीत. खरेदीची तारीख आणि किंमत मागे जाते, आणि जो हे जपून ठेवत नाही तो विक्रीच्या वेळी अडचणीत येतो.

आता अपूर्णांक पाहा. दोनशेला सव्वानऊने भागले तर २१.६२ येतात. एकवीस समभाग हाती पडतात, उरलेल्या ०.६२ चे काय? अशा प्रसंगी सर्व भागधारकांचे तुकडे एकत्र करून विकायचे आणि ज्याच्या त्याच्या वाट्याची रक्कम रोखीने द्यायची असा प्रघात आहे. म्हणजे कोणतीही विक्री न करता विक्रीची रक्कम येते. पुढे २०१४ च्या डिसेंबरात दहा रुपयांच्या समभागाचे दोन रुपयांचे पाच झाले : २१ चे १०५. २०१७ मध्ये दहास एक या प्रमाणात बक्षीस समभाग मिळाले : साडेदहा. दहा हातात, अर्ध्याचे पुन्हा पैसे. आजीला हे समजावताना चिरंजीव घामाघूम झाले. "अर्धा शेअर म्हणजे काय रे? अर्धी भाकरी असते, अर्धा शेअर कसा असेल?" असा तिचा सवाल. शेवटी पासबुकात त्या दोन्ही वेळच्या किरकोळ जमा मिळाल्या आणि तिच्या खात्यावर ११५ समभाग आहेत याचा उलगडा पायरीपायरीने झाला. तोवर घरात सर्वांचा समज असा की सांगली बँक 'बुडाली' आणि ते कागद रद्दी झाले.

किती घरांत असा समज असेल? सातारा-सांगलीच्या वाड्यांतील लोखंडी पेट्यांत अजूनही जुनी भागपत्रे निघतात. ती टाकून देण्यापूर्वी त्या कंपनीचे पुढे काय झाले याची चौकशी तरी करावी.

लहान तुकडे मजेचे होते. आजीच्या नावे दरमहा पाच हजारांचा फंडाचा हप्ता आहे. जुलै २०२० पासून फंडाच्या खरेदीवर ०.००५ टक्के मुद्रांक शुल्क लागते. म्हणजे पाच हजारांत २५ पैसे. बँकेतून पाच हजार गेले, युनिट्स मिळाली ती ४,९९९ रुपये ७५ पैशांची, आणि पाव रुपया दर महिन्याला आमच्या कप्प्यात साचत राहिला. छत्तीस महिन्यांचे नऊ रुपये. पावलीचा हिशेब इतक्या वर्षांनी पुन्हा करावा लागेल असे वाटले नव्हते!

माझ्या एका स्नेह्यांच्या घरी हेच दुसऱ्या रूपात दिसले. त्यांनी नव्या समभागविक्रीसाठी अर्ज केला तेव्हा पंधरा हजारांच्या आसपासची रक्कम गुंतवणूक खात्यात 'वर्ग' केली म्हणून लिहून ठेवली. समभाग मिळाले नाहीत; रोकड तशीच दिसत राहिली. वस्तुतः २०१६ पासून अशा अर्जाची रक्कम बँकेतच राखून ठेवली जाते, ती तेथून हलतच नाही. समभाग मिळाले तरच वजा होते. न झालेला व्यवहार लिहिला, एवढेच. त्यांनाच लाभांशाचा दुसरा अनुभव. एप्रिल २०२० पासून लाभांशावर भागधारकाने कर भरायचा असतो आणि ठराविक मर्यादेपलीकडे कंपनी दहा टक्के कापूनच पैसे पाठवते. ही मर्यादा २०२५ पासून दहा हजार रुपये आहे. बारा हजारांचा लाभांश पूर्ण लिहिला आणि बँकेत १०,८०० आले तर १,२०० रुपये हवेत लटकतात. ते कर म्हणून लिहिले पाहिजेत. विवरणपत्र भरताना ते आपल्या नावावर जमा असतात, सोडून देण्याजोगे नाहीत. समभाग विकताना डीमॅटचे जे शुल्क लागते तेही बऱ्याचदा व्यवहाराच्या कॉन्ट्रॅक्ट नोटमध्ये नसते, ब्रोकरच्या खातेउताऱ्यात असते. आणि ब्रोकरकडे पडून असलेली रक्कम त्याने महिन्याला वा तिमाहीला ग्राहकाच्या बँकेत परत केलीच पाहिजे असा सेबीचा दंडक आहे. त्यामुळे एखाद्या शुक्रवारी पैसे येतात आणि माणूस चक्रावतो की हे कसले. ज्याने ब्रोकरच्या ओसरीसाठी वेगळे खाते मांडले आहे, त्याला हे कोडे पडत नाही.

एक अवांतर. सातारा-सांगलीतील शेतकरी घरात सर्वांत जुना 'शेअर' असतो तो सहकारी साखर कारखान्याचा. त्याला बाजारभाव नाही, डीमॅट नाही, आणि त्याचा खरा लाभांश सभासदाला सवलतीच्या दरात मिळणारी दिवाळीची साखर! ही साखर कोणत्या रकान्यात लिहायची याचे उत्तर कोणत्याही अमेरिकन आज्ञावलीत नाही. आम्ही ती वाणसामानात लिहिली आणि फरकाची रक्कम कारखान्याच्या नावे उत्पन्न धरली. चुकले असेल तर जाणकारांनी सांगावे.

पण या सर्वांहून महत्त्वाचा निघाला तो १,२१५ रुपयांचा तुकडा, आणि तो शेवटी सापडला. एका कंपनीने दरवर्षी जाहीर केलेला लाभांश चिरंजीवांनी कंपनीच्या अहवालांवरून लिहिला होता. कंपनीचे नाव येथे महत्त्वाचे नाही, कारण दोष आमचाच. २०२० ते २०२५ असे सहा लाभांश संगणकात जमा होते आणि पासबुकात त्यांपैकी एकही नव्हता. येथे रोकड खोटी नव्हती. ती खरोखरच आमची होती आणि आमच्यापर्यंत पोचलीच नव्हती.

कारण असे. १ एप्रिल २०२० रोजी दहा सरकारी बँकांच्या चार झाल्या. आईवडिलांचे खाते ज्या बँकेत होते ती दुसऱ्या बँकेत गेली आणि पुढे शाखेचा आयएफएससी संकेतांक बदलला. डीमॅट खात्यात जुनाच संकेतांक राहिला. त्याच सुमारास वडील गेले, आई सांगलीला आमच्याकडे आली आणि सातारचे घर बंद झाले. लाभांश बँकेत जमा होईना आणि टपालाने आलेले कागद बंद दाराखालून आत सरकत राहिले. रक्कम वर्षाला दोनशे रुपयांची. तिची आठवण कोणाला राहणार?

तथापि प्रश्न दोनशे रुपयांचा नसतो. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार सात वर्षे न घेतलेला लाभांश सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत जातो, आणि ओळीने सात वर्षे लाभांश घेतला नसेल तर ते समभागही त्या निधीत वर्ग होतात. २०१६ पासून ही व्यवस्था प्रत्यक्षात आली आहे. समभाग बुडत नाहीत, मागता येतात. पण त्यासाठी ऑनलाइन अर्ज, प्रतिज्ञालेख, कंपनीची पडताळणी, मूळ मालक दिवंगत असेल तर वारसाचे दाखले असा मोठा खटाटोप करावा लागतो. सत्तरी ओलांडलेल्या विधवेने तो करावा अशी अपेक्षा निर्दयपणाची आहे. आमचे सहावे वर्ष सरले होते. आईच्या नावावर समभाग वर्ग करण्याचे राहिले होते तेही आता मार्गी लावले, बँकेचा तपशील बदलला, कंपनीच्या निबंधकाला पत्र गेले. आज संगणकात ती रक्कम रोकड म्हणून नाही, 'येणे' म्हणून आहे. ती आली की तेथून बँकेत जाईल.

म्हणून मी म्हणतो की ते बटण दाबू नये. बेवारस शिल्लक शून्य करणे सोपे आहे. पण आमच्या ९,६३१ रुपये ५० पैशांत दोनदा मोजलेला पैसा होता, पाव-पाव रुपयाचा कर होता आणि आईचा बुडण्याच्या वाटेवर असलेला हक्कही होता. तिन्हींना एकाच फडक्याने पुसून टाकले असते तर कागद स्वच्छ दिसला असता आणि वर्षभराने समभाग गेले असते.

आपल्या मंडळींना दोन शब्द स्पष्टपणे सांगितले पाहिजेत. गुरुदक्षिणेचा हिशेब आपण पैशापैशाने देतो. प्रवासाचा खर्च कार्यकर्ता एसटीच्या तिकिटासह मांडतो, चहाचे चार रुपये स्वतःच्या खिशातून घालतो. त्याच कार्यकर्त्याला विचारा, तुझ्या वडिलांचे समभाग कोणत्या खात्यात आहेत, वारस म्हणून कोणाचे नाव आहे, पत्नीला यातले काही ठाऊक आहे का? बहुधा तो हसून विषय बदलेल. सार्वजनिक पैशाबाबत जी शिस्त आपण अभिमानाने मिरवतो ती उंबरठ्याच्या आत आल्यावर कोठे जाते? पैशाविषयी निःस्पृह असणे वेगळे आणि बेफिकीर असणे वेगळे. समर्थ रामदासांनी दासबोधात एक संपूर्ण समास नुसत्या लेखनक्रियेवर खर्च केला आहे, शाई-लेखणीपासून पानाच्या कडेपर्यंत. संन्याशाला कागदाची इतकी काळजी, मग गृहस्थाला किती असावी!

स्वदेशीचे अभिमानी विचारतील की अमेरिकन आज्ञावली वापरायचीच कशाला. प्रश्न योग्य आहे. बंगळुरूच्या गोएंका पितापुत्रांनी १९८६ मध्ये उभी केलेली 'टॅली' आज सांगलीच्या गणपती पेठेतील हळदीच्या अडत्यापासून सातारच्या औषध दुकानदारापर्यंत सर्वत्र चालते. तिने भारतीय व्यापाऱ्याची जमा-नावेची भाषा ओळखली म्हणून ती रुजली. भारतीय कुटुंबाची तीन खोल्यांची रचना, म्हणजे डीमॅट, बँक आणि मध्ये ब्रोकर, मुळातच ओळखणारी, मराठीत चालणारी आणि कारखान्याच्या साखरेलाही रकाना देणारी तशीच सर्वमान्य घरगुती आज्ञावली आपल्या अभियंत्यांनी द्यावी अशी अपेक्षा आहे. पुण्या-बंगळुरूत बसून जगाच्या बँकांचे हिशेब लिहिणाऱ्या आपल्या मुलांना ते अवघड नाही. मात्र ती येईपर्यंत हात बांधून बसू नये. शंभर पानी वहीतही हे सर्व होते. वडिलांनी केलेच होते.

त्यांच्या वहीत युनायटेड वेस्टर्नच्या पानावर २८ रुपयांची नोंद आहे आणि खाली एक आडवी रेघ. शेरा नाही. ज्या आयडीबीआयमध्ये ती बँक गेली, तिचा नियंत्रक हिस्सा जानेवारी २०१९ मध्ये आयुर्विमा महामंडळाने घेतला. आणि अण्णासाहेब चिरमुल्यांची वेस्टर्न इंडिया विमा कंपनी १९५६ च्या राष्ट्रीयीकरणात याच महामंडळात गेलेली होती. सातारच्या दोन संस्था, एक विम्याची आणि एक बँकेची, त्रेसष्ट वर्षांच्या अंतराने एकाच दाराशी येऊन पोचल्या. हे पाहायला वडील हवे होते. त्यांनी त्या रेघेखाली बहुधा एखादी ओळ लिहिली असती.

हिशेब करा : ८,४०० अधिक १,२१५ अधिक ९. बेरीज ९,६२४. आमच्या पडद्यावर अजून ७ रुपये ५० पैसे उरलेले आहेत. ते आम्ही उचंत खात्यात ठेवले आहेत. चिरंजीवांना वाटते की ते एखाद्या जुन्या कॉन्ट्रॅक्ट नोटमधील शुल्क असावे. सातारच्या घरातील दोन खोकी अजून उघडायची आहेत. आई दर रविवारी विचारते, "सापडले का रे साडेसात रुपये?"